सामाईक हर्डी-गर्डी : वाचकांचे प्रश्न

हातानं घडवलेलं एखादं महागडं, दुर्मीळ वाद्य वर्गणी काढून घ्यावं का, असं विचारणारी पत्रं आली आहेत. त्यातली बरीचशी हर्डी-गर्डीबद्दल असल्यामुळे या वेळी तेवढ्याच वाद्याविषयी लिहीत आहोत.

ज्यांनी हे वाद्य पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ही लाकडी पेटी मांडीवर घेऊन चामडी बेल्टनं कमरेला बांधतात. उजव्या हातानं मूठ फिरवली की आतलं लाकडी चाक फिरतं आणि चाकाची राळ लावलेली कड तारांवर घासते. म्हणजे गजाचं काम इथे चाक करतं. डाव्या हातानं पट्टी दाबली की पट्टीवरचं लाकडाचं छोटं पातं (याला टँजंट म्हणतात) सुराच्या तारेला जाऊन भिडतं. बाकीच्या तारा एकाच सुरात घुमत राहतात. त्यातल्या एका तारेची घोडी (तार जिच्यावर टेकते तो लाकडी आधार) एका पायावर मुद्दाम सैल ठेवलेली असते. मनगटाला झटका दिला की ती पेटीवर थरथरते आणि करकरीत आवाज उठतो. फ्रेंच वादक या घोडीला ‘शियां’, म्हणजे कुत्रा, म्हणतात.

प्रश्न : आम्ही चौघे मिळून वाद्य घेणार आहोत. दर रविवारी एकाकडून दुसऱ्याकडे द्यायचं ठरतंय. ही पद्धत चालेल का?

चौघे ठीक, पाचवा नको. दर आठवड्याची पाळी मात्र अजिबात नको. घर बदललं की हवेतला ओलावा बदलतो. चाक लाकडाचं, पेटी लाकडाची, तारा बहुधा तातीच्या, म्हणजे जनावराच्या आतड्याच्या. हे सगळं नव्या हवेशी जुळायला दोन-तीन दिवस घेतं, मग जुळवणी करायला एक दिवस, आणि हाताला वाद्याची सवय होते न होते तोच रविवार येतो. तीन आठवड्यांची पाळी ठेवा. बारा आठवड्यांत फेरी पूर्ण होते आणि वर्षभरात प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे 13 आठवडे येतात. तिघेच असाल तर एकेक महिना. वाद्य घरी आल्यावर पेटारा लगेच उघडू नका, निदान रात्रभर तसाच राहू द्या. ज्या खोलीत ते राहील तिथला ओलावा 45 ते 55 टक्क्यांच्या आसपास हवा. ओलावा मोजायचं छोटं यंत्र पेटाऱ्यातच कायमचं ठेवा.

प्रश्न : कारागीर आगाऊ रक्कम मागतो आणि वाद्य मिळायला बराच काळ लागेल म्हणतो. पैसे कसे गोळा करावेत?

नावाजलेल्या कारागिराकडे दोन-दोन वर्षांची रांग असणं नवलाचं नाही, आणि भागीदारी मोडते ती बहुतेक याच काळात. वाद्य अजून दिसलेलं नसतं, पैसे मात्र गेलेले असतात. कुणाची नोकरी जाते, कुणी गाव सोडतं. म्हणून आगाऊ रक्कम पाठवण्याआधीच कागदावर लिहा: वाट पाहण्याच्या काळात कुणी बाहेर पडलं तर त्याचे पैसे कधी परत मिळतील, आणि कुणाकडून. ‘नवा भागीदार मिळाल्यावर किंवा वाद्य हाती आल्यावर सहा महिन्यांत, जे आधी घडेल तेव्हा’ अशी अट बहुतेकांना मान्य होते.

कारागिराला एकरकमी पैसे देऊ नका. नोंदणीच्या वेळी एक हिस्सा, लाकूड निवडून काम सुरू झाल्यावर दुसरा, वाद्य वाजवून पाहिल्यावर शेवटचा. काम अर्धवट राहिलं तर दिलेल्या पैशांचं आणि तयार झालेल्या भागांचं काय, हेही त्याच्याकडून लेखी घ्या. चांगला कारागीर यावर रागावत नाही. पावतीवर चौघांची नावं हवीत. एकाच नावाची पावती असली तर विमा, जकात आणि पुढे विक्री, तिन्ही ठिकाणी अडतं.

वर्गणी वाद्याच्या किमतीपुरती काढली तर ती कमी पडणारच. कडक पेटारा, वाहतूक, जकात, विमा, तारांचा एक जादा संच आणि पहिल्या वर्षाअखेरची दुरुस्ती धरून किमतीच्या 15 टक्के जास्त जमवा. नव्या वाद्याचं लाकूड पहिल्या वर्षात हलतं आणि चाकाला एकदा कारागिराचा हात लागतोच. पैसे दोघांच्या सहीनं निघतील अशा खात्यात ठेवा.

हिस्से सारखे नसले तरी चालतं, पण मालकीचा हिस्सा आणि वाजवण्याची पाळी या दोन गोष्टींची गाठ घालू नका. 40 टक्के भरणाऱ्याला विकताना 40 टक्के मिळावेत; पाळी मात्र सर्वांची सारखीच असावी. नाहीतर कमी पैसे भरणारा पाहुण्यासारखा वाजवू लागतो.

प्रश्न : वाद्य पाळीनं घरी येतं तेव्हा प्रत्येक वेळी आवाज खरखरीत असतो. आधीचा म्हणतो, माझ्याकडे छान वाजत होतं. नेमकं बिघडतंय काय?

तो खरं बोलतोय, तुम्हीही खरं बोलताय. या वाद्यात पैशांची भागीदारी जमते, जुळवणीची जमत नाही. चौघांनी चार पद्धतींनी कापूस (चाकाला टेकते तिथे तारेवर गुंडाळलेला), राळ आणि टँजंट हलवले की महिन्याभरात कुणालाच ते आपलं वाटत नाही. चौघांपैकी एकाला जुळवणारा नेमा. टँजंट आणि घोड्या त्यानंच हलवायच्या. बाकीच्यांनी फक्त राळ, कापूस आणि खुंट्या, एवढ्यालाच हात लावायचा.

आता जुळवणीचा क्रम. तो उलटा झाला तर केलेलं काम पुन्हा करावं लागतं.

आधी सगळ्या तारा चाकावरून उचलून बाजूच्या खाचेत अडकवा. मूठ सावकाश फिरवत चाकाची कड उजेडात पाहा. सगळीकडे एकसारखी मंद चमक हवी. काळपट ठिपके दिसले तर तिथे राळ आणि कापसाचा मळ साचलाय. कोरड्या मऊ सुती कापडानं पुसा. पॉलिश कागद लावू नका, चाकाची गोलाई जाते. कडेला बोटही लावू नका. एका बोटाच्या तेलकटपणानं त्या जागी तार घसरते आणि प्रत्येक फेऱ्याला आवाजात खड्डा पडतो. नंतर राळेचा खडा कडेला हलकेच टेकवून चाक चार-पाच फेरे फिरवा. तेवढं पुरतं. राळ कमी असेल तर आवाज पुटपुटल्यासारखा येतो, जास्त झाली तर किंचाळतो आणि कापूस काळा पडून त्याच्या गाठी होतात.

मग कापूस. तार चाकाला जिथे टेकते तिथे तिला कापसाचा पातळ वेढा लागतो. जुना वेढा नखानं सोडवून पूर्ण काढा, त्यावर नवा चढवू नका. लांब धाग्याचा स्वच्छ कापूस घ्या. गोळ्यांच्या रूपात मिळणाऱ्या कापसात कृत्रिम धागा मिसळलेला असू शकतो, तो इथे चालत नाही. चार-पाच सेंटिमीटर लांबीची झिरझिरीत पट्टी ओढून काढा. ती छापील पानावर ठेवली तर खालची अक्षरं वाचता आली पाहिजेत. तिचं टोक तारेला लावून चाक हळू फिरवलं की चाकच कापूस ओढून घेतं. वेढ्याची दिशा अशी हवी की चाकाच्या फिरण्यानं तो आवळला जाईल. उलट गुंडाळलेला कापूस पाच मिनिटांत सुटतो. वेढा चाकाच्या जाडीपेक्षा दोन्ही बाजूंना किंचित जास्त असावा. सुराच्या तारांना पातळ, घुमणाऱ्या जाड तारांना थोडा अधिक. कापूस जास्त झाला तर सूर उशिरा उमटतो आणि दबलेला येतो. कमी झाला तर तुम्ही लिहिलीय तशीच खरखर होते. नवा कापूस बसायला दहा मिनिटं वाजवावं लागतं, तोवर काहीच ठरवू नका.

तिसरी गोष्ट तारेचा दाब. सर्वांत वरच्या दोन-तीन पट्ट्या दाबून पाहा. सूर चढा लागून किंचाळत असेल तर तार चाकावर फार दाबली जातेय. घोडीच्या खाचेत तारेखाली साध्या कागदाचा छोटा तुकडा सरकवून तार उचला. एका वेळी एकच कागद. याउलट आवाज शिट्टीसारखा निसटत असेल तर दाब कमी आहे, कागद काढा.

शेवटी स्वर. मोकळी तार मिळवा, मग अष्टकाची पट्टी तपासा. टँजंटची पाळी सगळ्यांत शेवटी, कारण कापूस, राळ आणि दाब बदलला की स्वरही थोडा सरकतो. सुराच्या दोन तारा असतील तर एक उचलून ठेवा, दुसरीचे सगळे टँजंट पुरे करा आणि मगच पहिलीला तिच्याशी मिळवा. टँजंट घोडीकडे वळवला की सूर चढतो, उलट दिशेला वळवला की उतरतो.

दोष ओळखायची एक खूण लक्षात ठेवा. खरखर चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला त्याच जागी येत असेल तर दोष चाकात आहे: ठिपका, बोटाचा डाग, किंवा ओलाव्यानं गोलाई गेलेली असते. कधीही, कुठेही येत असेल तर दोष कापसात. पुसून आणि राळ लावूनही फेऱ्याचा धक्का राहिलाच तर वाद्य कारागिराकडे न्या. चाक त्याच्या स्वतःच्या कण्यावर फिरवतच गोल करावं लागतं, घरी ते जमणार नाही.

पेटाऱ्यात एक वही ठेवा. वाद्य देताना तारीख, ओलावा, कोणत्या तारेचा कापूस बदलला आणि कुठे किती कागद आहेत, एवढं लिहायचं. ‘माझ्याकडे छान वाजत होतं’ या वाक्यावरून होणारे वाद या वहीनं बरेचसे मिटतात.

प्रश्न : करकरणारी घोडी एकाला फार हळवी वाटते, दुसऱ्याला ठोकळ्यासारखी. दोघांचंही समाधान होईल का?

होईल. एकाचं मनगट हलकं असतं, एकाचं जड, त्यामुळे हा फरक राहणारच. या तारेला एक दोरा बांधलेला असतो आणि तो छोट्या खुंटीला गुंडाळलेला असतो. घोडी किती लवकर थरथरावी हे त्या दोऱ्याच्या ताणावर ठरतं. खुंटीच्या डोक्यावर पेन्सिलीनं एक रेघ मारा आणि प्रत्येकाची जागा घड्याळाच्या काट्याप्रमाणे वहीत लिहा: एकाची दोनवर, दुसऱ्याची साडेतीनवर. हंगाम बदलला की नोंद ताजी करा. घोडीचा पाय मात्र कुणीही तासू नये. तासलेलं लाकूड परत येत नाही.

प्रश्न : एक भागीदार डावखुरा आहे. उलटं वाद्य बनवून घ्यावं का?

नको. उलट्या रचनेचं वाद्य बाकी तिघांना वाजवता येणार नाही आणि विकायलाही कठीण. डावखुऱ्याला पट्ट्यांच्या बाजूला उलट फायदाच होतो. मनगटाचे झटके बसायला थोडा वेळ जास्त लागेल इतकंच.

प्रश्न : वाद्य परदेशातून येणार आहे. लाकडाच्या कागदपत्रांचं काय?

वाद्यात वापरलेल्या प्रत्येक लाकडाचं शास्त्रीय नाव पावतीवर लिहून घ्या. धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं घालणारा सायटीस नावाचा करार आहे; ब्राझिलियन रोझवूड 1992 पासून त्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक, यादीत आहे. डालबर्जिया गटातली बाकीची रोझवूड झाडं 2017 पासून दुसऱ्या यादीत आली. 2019 च्या नोव्हेंबरअखेर तयार वाद्यांना त्या दुसऱ्या यादीपुरती सूट मिळाली. जुन्या वाद्यावर पांढरी सजावट असेल तर ती हाडाची आहे की हस्तिदंताची, हे आधी ठरवून घ्या. हस्तिदंत असेल तर तो सौदा सोडलेला बरा. नवं वाद्य मॅपल, अक्रोड, स्प्रूस अशा लाकडांचं करून घेतलं तर हा प्रश्न बहुतेक उरत नाही, आणि आवाजात काही कमी पडत नाही.

प्रश्न : कुणी बाहेर पडलं, किंवा वाद्य कुणाच्या हातून पडलं तर?

बाहेर पडणाऱ्यानं हिस्सा आधी उरलेल्यांना देऊ करायचा, त्यांना 60 दिवसांची मुदत. किंमत भावनेवर ठरवू नका: दर दोन वर्षांनी कारागिराकडून लेखी मूल्यांकन घ्या आणि शेवटचा आकडा धरा. भागीदाराचा मृत्यू झाला तर वारसांना हिश्शाचे पैसे मिळतील, वाद्याची पाळी नाही, हे आधीच लिहा. वाद्य विकायचं तर सगळ्यांची संमती हवी. तारा, कापूस आणि किरकोळ दुरुस्ती जुळवणाऱ्यानं न विचारता करावी.

झीज सामाईक निधीतून. अपघात झाला तर विमा, आणि विम्यात न बसणारी सुरुवातीची रक्कम ज्याची पाळी त्यानं भरायची. पॉलिसीत चौघांची नावं, चारही घरं आणि वाहतूक आहे ना, ते वाचून पाहा. रिकाम्या गाडीत ठेवलेलं वाद्य चोरीला गेलं तर भरपाई नाही, हे कलम अनेक पॉलिसींत असतं. प्रवासात सगळ्या तारा चाकावरून उचललेल्या हव्यात, नाहीतर कापूस एकाच जागी चेपतो. तारा किंचित उतरवा, पूर्ण सैल करू नका. ताण गेला की घोड्या जागा सोडतात.

प्रश्न : दोघांनी एकाच वेळी वाजवता येईल का?

या वाद्याचा पूर्वज दोघांनीच वाजवायचा होता. त्याचं नाव ऑर्गॅनिस्ट्रम. स्पेनमध्ये सांतियागो दे कोंपोस्तेलाच्या कॅथेड्रलमध्ये ‘पोर्तिको दे ला ग्लोरिया’ नावाचं शिल्पांनी भरलेलं प्रवेशद्वार आहे. त्याच्या तुळईवर 1188 सालाचा लेख आहे. तिथे वर मधोमध दोन वृद्ध शेजारी बसलेत आणि ते वाद्य दोघांच्या मांड्यांवर आडवं आहे: एकानं मूठ फिरवायची, दुसऱ्यानं पट्ट्या सांभाळायच्या.

आजचं वाद्य एकाच्या मांडीपुरतं असतं, मैफलीत दोघांनी वाजवणं अवघडच. शिकताना मात्र जरूर करा. पाळी बदलते त्या दिवशी अर्धा तास दोघे बसा. देणाऱ्यानं फक्त चाक फिरवायचं, एकसारख्या वेगानं, झटका न देता; घेणाऱ्यानं पट्ट्या. मग अदलाबदल. चाकाची गती कुठे डळमळते ते पट्ट्यांवर बसलेल्याला लगेच ऐकू येतं, आणि कोणत्या तारेचा कापूस बदलायला झालाय तेही तेव्हाच कळतं. तो तिथेच बदलून वहीत नोंद करा आणि मग पेटारा बंद करा.