कारखाना घेतला, पण कर्ज कुणाच्या डोक्यावर?

तू विचारलंस, "ताई, आमच्या चाकणच्या कंपनीने जर्मनीत हागेनजवळ फोर्जिंगचा (तापलेलं लोखंड ठोकून भाग घडवायचा) कारखाना घेतलाय. मला तिकडे पाठवतायत. बायको-मुलीला घेऊन यावं का?" मी २०११ मध्ये अशाच एका खरेदीच्या मागोमाग इथे आले. घरभाडं, थंडी हे सगळं सावकाश सांगीन. आधी एवढं शोधून काढ, की हा कारखाना घेतला कुणाच्या पैशाने?

हे फक्त साहेब लोकांनी बघायचं असतं असं समजू नकोस. पैशाच्या वाटा मोकळ्या झाल्या म्हणून आपल्या कंपन्या युरोपात खरेदीला निघाल्या. रिझर्व्ह बँकेने २००४ मध्ये नेटवर्थच्या, म्हणजे देणी वजा जाता उरणाऱ्या कंपनीच्या मालमत्तेच्या, १०० टक्क्यांपर्यंत रक्कम वेगळ्या परवानगीशिवाय बाहेर गुंतवायची मुभा दिली. २००५ मध्ये ती २०० टक्के झाली, २००७ मध्ये ४००. त्या २००४ मध्येच पुण्याच्या भारत फोर्जने हागेनशेजारच्या एनेपेटाल गावची सीडीपी ही फोर्जिंग कंपनी घेतली.

मुभा मिळाली, पण भलंमोठं कर्ज भारतात मिळणं अवघड होतं. कंपन्या विकत घ्यायला कर्ज देताना आपल्या बँकांवर बंधनं होती, व्याजही चढं. मग पैसा युरोपातल्या बँकांकडून उभा राहायचा, आणि फेड व्हायची ती घेतलेल्या कंपनीच्याच मिळकतीतून. टाटा स्टीलने २००७ मध्ये कोरस ही ब्रिटिश-डच पोलाद कंपनी घेतली तेव्हा ब्राझीलच्या सीएसएन या पोलाद कंपनीशी चढाओढ होऊन शेअरमागे ४५५ पेन्सची बोली ६०८ वर गेली. कर्जाचा मोठा हिस्सा कोरसनेच कमावून फेडायचा होता. पुढच्याच वर्षी मंदी आली. कोरसकडून आलेल्या वेल्समधल्या पोर्ट टॅलबॉट कारखान्याची शेवटची ब्लास्ट फर्नेस, म्हणजे लोखंड वितळवायची भट्टी, ३० सप्टेंबर २०२४ ला बंद झाली. त्यामागे स्वस्त आयात, महाग वीज अशी कारणंही आहेत, पण पहिल्या दिवसापासूनच्या त्या ओझ्याने हात बांधले गेले, असं मला ठामपणे वाटतं. जग्वार लँड रोव्हरचं उलट झालं. २००८ मध्ये ती ब्रिटिश मोटार कंपनी घेताना काढलेलं तातडीचं कर्ज फेडायला टाटा मोटर्सलाच शेअर आणि रोखे काढावे लागले. घाम मुंबईत फुटला, पण कारखाना तगला.

आमच्याकडे काय झालं सांगते. कॅन्टीनमध्ये कामगार मंडळातल्या एका म्हाताऱ्या फिटरने माझ्यापुढे ताळेबंद ठेवला आणि तेलकट बोट एका ओळीवर टेकवलं. आम्हाला विकत घेण्याचं कर्ज आमच्याच वह्यांत होतं! त्या वर्षी भट्टीचं अस्तर बदलायचं राहिलं, व्याज मात्र वेळेवर गेलं. पुढे डेप्युटेशनवरची दोन मुलं महिन्याभरात परत गेली. एकाची बायको तेव्हा सात महिन्यांची गरोदर होती. ते मी विसरू शकत नाही.

म्हणून जर्मन कंपनीचा ताळेबंद उन्टरनेमेन्सरेगिस्टरवर, म्हणजे तिथल्या कंपन्यांच्या ऑनलाइन नोंदवहीत बघ, फुकट दिसतो. 'फेरबिंडलिशकाइटन' म्हणजे देणी, ती ओळ शोध. करार शक्यतो जर्मन कंपनीशीच कर आणि ब्लू कार्ड, म्हणजे शिकलेल्या परदेशी नोकरदारांचा राहण्याचा परवाना, माग. आयसीटी कार्ड हा कंपनीतल्या बदलीपुरताच परवाना, जास्तीत जास्त तीन वर्षांचा. ब्लू कार्डवर २७ महिन्यांत कायमचा परवाना मिळतो, बी१ जर्मन आलं तर २१ महिन्यांत. नोकरी गेली तरी दुसरी शोधायला वाव राहतो.

कर्ज पुण्याच्या नावावर निघालं तर दोघींना बरोबरच आण. इथल्या नावावर असेल तर आधी एकटा ये, सहा महिन्यांचा प्रोबेत्साइट, म्हणजे नोकरीचा चाचणीकाळ, संपू दे. ताळेबंद मिळाला की मला पाठव, रविवारी फोनवर ओळ न् ओळ वाचू.