वर्कशॉप : प्रश्न तुमचे, उत्तरं आमची

प्रश्न : घरामागच्या पडवीत मी सुतारकामाचं छोटं वर्कशॉप केलं आहे. 12 बाय 15 फूट, उंची 9 फूट. सागवान, आंबा आणि एमडीएफवर (लाकडाचा बारीक भुसा दाबून केलेल्या फळीवर) काम चालतं. सँडर लावला की धूळ पार स्वयंपाकघरापर्यंत जाते. 12 इंची एग्झॉस्ट फॅन पडून आहे, त्याला फिल्टर लावून हवा गाळणारी पेटी करावी म्हणतो. दुकानदार म्हणतो हेपाच (अगदी बारीक कणही अडवणारा दाट फिल्टर) घ्या, मित्र म्हणतो एसीची जाळी पुरे. कोणाचं ऐकू? (एक वाचक, कुडाळ)

उत्तर : दोघांचंही नको. एसीची जाळी केस आणि कचरा अडवायला असते, एमडीएफची धूळ तिच्यातून आरामात पलीकडे जाते. आणि हेपा बसवलात तर तुमचा पंखा नुसता गरगरत राहील, हवा फारशी ओढणार नाही. माझी सगळी नोकरी औषध कारखान्याच्या एअर हँडलिंग युनिटवर, म्हणजे हवा गाळून खेळती ठेवणाऱ्या यंत्रणेवर गेली. तिथे हेपातून हवा ढकलायला चांगला दांडगा ब्लोअर असतो. एग्झॉस्ट फॅन भिंतीतल्या उघड्या भोकातून हवा बाहेर फेकायला बनवलेला. समोर अडथळा आला की त्याचा दम संपतो. म्हणून आधी पंखा बघायचा, फिल्टर मागाहून.

अडवायचं काय, तेही ठरवू. करवतीचा भुसा आपोआप खाली बसतो, त्याची चिंता नको. सहा फुटांवरून स्थिर हवेत 10 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण जमिनीवर यायला दहाएक मिनिटं घेतो, 1 मायक्रॉनचा मात्र बारा तासांहून जास्त. म्हणजे संध्याकाळी पॉलिश पेपर मारून तुम्ही जेवायला गेलात तरी बारीक धूळ रात्रभर हवेत तरंगतेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ निश्चित कर्करोगकारक ठरवली आहे, तीही नाक आणि सायनसच्या कर्करोगामुळे. तेव्हा हा खर्च हौसेचा समजू नका.

एफ-7 दर्जाचा फिल्टर मागा. अमेरिकी मापात तो साधारण मर्व्ह-13 धरतात. मर्व्ह-13 चा फिल्टर 1 ते 3 मायक्रॉनचे निदान 85 टक्के कण पकडतो. त्याच्या पुढे जी-4 चा धुता येणारा प्री-फिल्टर लावा, म्हणजे जाड धूळ तिथेच थांबेल आणि महागडा फिल्टर लवकर चोंदणार नाही. बाजारात ‘5 मायक्रॉनचा’, ‘10 मायक्रॉनचा’ असंच सांगतात. लगेच विचारायचं, किती टक्के? टक्का नसेल तर त्या मायक्रॉनला काही अर्थ नाही. विक्रेता गडबडला तर दुसरं दुकान बघा.

आता आकडेमोड. तुमच्या पडवीत सुमारे 46 घनमीटर हवा आहे. तासाला आठ वेळा ती गाळायची तर 370 घनमीटर लागतात. पंख्याच्या पट्टीवर समजा तासाला 1,000 लिहिलं असेल, तर तो आकडा अडथळ्याशिवायचा. फिल्टर लावल्यावर मी निम्मा धरतो, म्हणजे 500. पुरून उरतं. पण एकच फिल्टर न लावता पेटीच्या समोरासमोरच्या दोन बाजूंना 24 बाय 24 इंचाचे दोन लावा. क्षेत्रफळ दुप्पट झालं की प्रत्येकातून जाणाऱ्या हवेचा वेग निम्मा होतो आणि अडथळाही जवळपास निम्म्यावर येतो. दर्जा वाढवण्यापेक्षा क्षेत्रफळ वाढवण्यात पैसे घाला, हे माझं ठाम मत. 2020 मध्ये अमेरिकेत रिचर्ड कॉर्सी आणि जिम रोझेन्थाल यांनी पुढे आणलेली चार फिल्टरांची पेटी साध्या चौकोनी पंख्यावर चालते, ती याच हिशोबामुळे.

पेटी प्लायची करा, पंखा वरच्या बाजूला, हवा बाहेर फेकणारा. फिल्टरच्या फ्रेमवर बाण असतो, तो पेटीच्या आत वळवा. फ्रेम आणि प्लायमध्ये दाराला लावतात ती फोमची पट्टी चिकटवा. फट राहिली तर हवा सोपी वाट धरते आणि फिल्टर शोभेपुरता उरतो. तुमच्याकडे पावसाळ्यात पुठ्ठ्याची फ्रेम फुगते आणि कागदाला बुरशी धरते. तेव्हा सिंथेटिक मीडिया आणि अ‍ॅल्युमिनियमची फ्रेमच घ्या.

फिल्टर कधी बदलायचा, हे तारखेवर ठरवू नका. हार्डवेअरच्या दुकानातून लेव्हल ट्यूब (गवंडी पातळी बघायला वापरतात ती पारदर्शक नळी) आणा. एक टोक पेटीत भोक पाडून आत घाला, दुसरं बाहेर उघडं. ट्यूब फळीवर दर दहा सेंटिमीटरला एक सेंटिमीटर चढेल अशी तिरकी ठोका, उघडं टोक खाली एका पसरट वाटीत आणि पेटीचं वर. वाटीत ते टोक बुडेल इतकं रंगीत पाणी घाला. पंखा लावला की पाणी ट्यूबमधून पेटीकडे सरकेल. नव्या फिल्टरची खूण करा. पाणी त्याच्या दुप्पट सरकू लागलं की आधी प्री-फिल्टर धुवा. तरी फरक पडला नाही तर एफ-7 बदला. तो धुवायचा नाही आणि कॉम्प्रेसरने फुंकायचाही नाही, फाटतो.

आणि मास्क सुटत नाही. पेटी खोलीतली धूळ कमी करते, सँडरपासून तुमच्या नाकापर्यंतच्या दोन फुटांतली नाही. सँडरला व्हॅक्यूम जोडा, एन-95 घाला आणि काम संपल्यावर पेटी तासभर चालू ठेवा.

प्रश्न : आमच्याकडे सतारी बनतात. चपडा पॉलिशचा (स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचा) वास वरच्यासारख्या फिल्टरच्या पेटीने जाईल का? (एक वाचक, मिरज)

उत्तर : नाही. स्पिरिटची वाफ हेपातूनही आरपार जाते. कार्बनचा फिल्टर ती काही प्रमाणात शोषतो, पण भरला की वास पुन्हा येतो, आणि रोजच्या कामाला तो परवडत नाही. शिवाय साध्या पंख्याच्या मोटारीशेजारून स्पिरिटची वाफ खेचणं आगीला निमंत्रण आहे. पॉलिशच्या वेळी पेटी बंद, समोरासमोरच्या खिडक्या उघड्या. भोपळा घासताना मात्र ती जरूर लावा, ती धूळ तिच्या आवाक्यातली आहे.