ट्रेडिंग कार्ड गेम म्हणजे काय? माझा मुलगा त्या बंद पाकिटांवर पैसे का घालवतो?

भाऊ, रमीत पत्ते सगळ्यांसाठी तेच. इथं दोघंही आपापला गठ्ठा घरून बांधून आणतात. निम्मा खेळ त्या बांधण्यातच असतो, आणि मी तिथंच फसलो होतो.

मागच्या उन्हाळ्यात पुण्याचा भाचा आमच्याकडे, यवतमाळ जिल्ह्यात, पोकेमॉन (कार्टूनमधले लढणारे प्राणी) कार्डांचा डबा घेऊन आला. दुपारी लाइन गेली की ओसरीवर आमचा डाव. 60 पत्त्यांचा डेक, म्हणजे गठ्ठा, एका नावाचे जास्तीत जास्त 4 पत्ते (हल्ल्याला लागणारे साध्या एनर्जीचे पत्ते कितीही), हातात 7, आणि बाजूला 6 पालथे, ते प्राइझ. समोरच्याचा पोकेमॉन पाडला की आपलं प्राइझ उचलायचं. ज्याची सहा आधी संपली तो सहसा जिंकला.

मी डब्यातले चकचकीत, मोठाले पत्ते वेचून डेक केला. पण त्यातला चारिझार्ड एकदम मांडता येत नव्हता. आधी चारमँडर, मग चारमिलिअन, मग तो. आणि सुरुवातीच्या 7 पत्त्यांत एकही बेसिक पोकेमॉन, म्हणजे चारमँडरसारखा थेट मांडता येणारा, नसला तर हात उघडा दाखवून पुन्हा पिसावं लागतं, वर समोरच्याला एक पत्ता जास्तीचा ओढता येतो. माझं लागोपाठ तीनदा तसं झालं. पोट्टं हसून हसून लोळलं. कपाशीत किती ओळींमागं तुरीची ओळ टाकायची हे मी दरवर्षी मोजतो, अन् इथं नेमकं मोजायचं राहिलं!

ही तऱ्हा रूढ केली 1993 साली आलेल्या 'मॅजिक: द गॅदरिंग' या पत्त्यांच्या खेळानं. तो बनवणारा रिचर्ड गारफिल्ड गणितातला पीएचडी. पोकेमॉनचे पत्ते जपानात 1996 ला आले. मोठी माणसंही खेळतात, कारण हरल्यावर दोन पत्ते काढून दोन घालायचे आणि पुन्हा बसायचं, ही खाज सुटत नाही.

डेकसाठी नवे पत्ते त्या बंद पाकिटांतून मिळतात, म्हणून पोरं ती घेतात. ते मात्र मला पटत नाही. आत काय निघेल ते फोडल्याशिवाय कळत नाही. कोपऱ्यात गोल म्हणजे साधा पत्ता, चांदणी म्हणजे दुर्मीळ. लॉटरीच ती. बाजारात टांगलेले सोनेरी प्लास्टिकचे पत्ते तर बहुतेक नकलीच. त्याला पाकिटांऐवजी एक तयार डेक घेऊन द्या, अन् दुसरा स्वतःसाठी घ्या. समोर कोणी बसल्याशिवाय त्या पत्त्यांचा उपयोग काय?