रेव्हनला काय दिसलं, ते मराठीत सांग

प्रश्न: मुलगी दहा वर्षांची, मुलगा सात वर्षांचा. दोघांना मराठी सगळं कळतं, पण उत्तर मात्र इंग्रजीत येतं. मराठी गोष्टींचे व्हिडिओ लावले की पाच मिनिटांत उठून जातात. सध्या दोघं 'दॅट्स सो रेव्हन' या जुन्या मालिकेच्या मागे लागलेत. ती बंद करावी का? पुढच्या महिन्यात भारतातून आजी-आजोबा येणार आहेत, आणि भविष्य दिसणारी मुलगी हे प्रकरण त्यांना कसं समजावायचं तेही कळत नाही.

उत्तर: बंद करू नका. मुलांना मराठी बोलतं करायला इतकी सोयीची मालिका सहजी सापडत नाही, आणि ही तर त्यांनी आपणहून निवडलेली आहे. सोय तिच्या रचनेतच आहे, म्हणून आधी रचना नीट पाहू.

डिस्ने चॅनलवर ही मालिका जानेवारी २००३ मध्ये सुरू झाली आणि नोव्हेंबर २००७ मध्ये संपली. चार सीझन, एकूण १०० भाग. सॅन फ्रान्सिस्कोत राहणारी रेव्हन बॅक्स्टर ही शाळकरी मुलगी, तिचे जिवलग मित्र चेल्सी आणि एडी, पैशांवर जीव असलेला धाकटा भाऊ कोरी, स्वयंपाकात मुरलेले बाबा व्हिक्टर आणि आई तान्या. रेव्हनची भूमिका रेव्हन-सिमोने हिची. रेव्हनला मधूनच पुढे घडणाऱ्या प्रसंगाची झलक दिसते. ती एकदम थिजते, कॅमेरा तिच्या डोळ्यात शिरतो आणि काही सेकंदांचं दृश्य येतं. मुलं त्याला व्हिजन म्हणतात.

दिसलेलं कधीच खोटं नसतं, पण ते अर्धवट असतं. रेव्हन त्या तुकड्यावरून चुकीचा निष्कर्ष काढते, ते टाळायला धावते आणि बहुतेक वेळा तिच्या धावपळीमुळेच ते घडतं. म्हणजे प्रत्येक भागात तीन प्रश्न आयते मिळतात: काय दिसलं, रेव्हनला त्याचा अर्थ काय वाटला, आणि खरं काय असेल. हे तीन प्रश्न मराठीत विचारायचे, एवढंच तुमचं काम. पहिल्याचं उत्तर भूतकाळात येतं, दुसऱ्याचं 'तिला वाटतंय की...' असं, तिसऱ्याचं भविष्यकाळात. व्याकरणाचं पुस्तक न उघडता तिन्ही घडतं.

आता कसं करायचं ते. एक भाग साधारण २२-२३ मिनिटांचा असतो. आठवड्यात एकच भाग या पद्धतीनं बघा, बाकीचे मुलांना हवे तसे बघू द्या. सुरू करण्याआधी डिस्ने प्लसवर प्रोफाइलच्या सेटिंगमध्ये जाऊन ऑटोप्ले बंद करा. नाहीतर शेवटी बोलणं रंगात येतं आणि पुढचा भाग आपोआप सुरू होतो, मग कोणी तुमच्याकडे बघत नाही. इंग्रजी सबटायटल्सही बंद ठेवा. ती चालू असली की मुलं वाचलेलं वाक्य तसंच इंग्रजीत म्हणून दाखवतात.

पहिली महत्त्वाची झलक भागाच्या सुरुवातीच्या काही मिनिटांत येते. ती संपेपर्यंत गप्प बसा. संपली की थांबवा आणि विचारा, "रेव्हनला काय दिसलं?" इथे मुलानं फक्त डोळ्यांना दिसलं तेवढंच सांगायचं: कोण होतं, कुठे होतं, अंगावर काय होतं, काय पडलं, कोण ओरडलं. दृश्य जेमतेम काही सेकंदांचं असल्यामुळे चार-पाच वाक्यांत आटपतं, आणि आवाक्यातलं वाटलं की मूल बोलतं. मग उरलेले दोन प्रश्न. सगळं मिळून तीन-चार मिनिटं. त्यानंतर भाग शेवटपर्यंत अखंड चालू द्या. पुढे आणखी झलका आल्या तरी थांबवू नका. दर पाच मिनिटांनी रिमोट हातात घेणाऱ्या आई-बाबांशेजारी कोणतंही मूल दुसऱ्यांदा बसत नाही. हा खेळ मोडण्याचं सगळ्यात मोठं कारण तेच.

उत्तर इंग्रजीत आलं तर "मराठीत बोल" म्हणू नका. अर्धं वाक्य तुम्ही द्या: "रेव्हनला दिसलं की चेल्सी..." आणि थांबा. दहा सेकंदांची शांतता आपल्याला फार लांब वाटते, पण मुलाला शब्द शोधायला ती लागतेच. एखादा शब्द इंग्रजी आला तर येऊ द्या. 'लॉकर' आणि 'प्रिन्सिपल' तर पुण्यातली मुलंही तसंच म्हणतात. आपल्याला वाक्याचा सांगाडा मराठी हवा आहे.

चुका ठरावीक असतात. परदेशात वाढलेली मुलं बहुधा "रेव्हन बघितली" म्हणतात, "रेव्हननं बघितलं" असं नाही. "ती वाटली की" म्हणतात, "तिला वाटलं की" असं नाही. कारण इंग्रजीत कर्ता सगळीकडे एकसारखाच राहतो. तिथल्या तिथे चूक दाखवली की बोलणं आटतं. त्यापेक्षा तेच वाक्य बरोबर करून स्वतःच्या बोलण्यात घ्या: "हो ना, रेव्हननं बघितलं, आणि तिला वाटलं की सगळे तिला हसतायत." दर भागात ही रूपं पुन्हा पुन्हा येतात, त्यामुळे कानावर बसतात.

लिंगभेदासाठी तर ही मालिका खाणच आहे. रेव्हन सतत सोंगं घेते. प्रसारित झालेल्या पहिल्याच भागात ती शाळेतल्या भेटीसाठी चक्क आईचं सोंग घेऊन जाते. सोंग म्हटलं की कपडे आले: विग घातला, टोपी घातली, जाकीट घातलं. कोट, चष्मा, हार एकीकडे. ओढणी, अंगठी दुसरीकडे. कानातलं, घड्याळ तिसरीकडे. धाकट्याला सोंगाचं चित्र काढायला सांगा आणि बोट ठेवत एकेक वस्तू म्हणून घ्या. सात वर्षांच्या मुलाकडून गोष्टीचा सारांश मागण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

थोरलीसाठी पुढची पायरी भविष्यकाळाची. 'पडेल' आणि 'पडणार' यांत फरक आहे आणि तो इथे आपोआप उलगडतो. झलक दिसली आहे, म्हणजे "केक पडणार". तो कुणाच्या अंगावर, ते माहीत नाही, म्हणून "बहुतेक कोरीच्या अंगावर पडेल". त्याहून अवघड 'असतं तर'. भाग संपल्यावर, जेवताना, प्रत्येकानं एकच वाक्य करायचं: "तिनं आईला खरं सांगितलं असतं तर सोंग घ्यावं लागलं नसतं." मोठ्यांनीही करायचं. मोठे अडखळले की मुलांना फार आनंद होतो, तो त्यांना मिळू द्या.

आता आजी-आजोबा. ते येण्याआधीच त्यांना खेळात घ्या. झलकेपर्यंतचा भाग पाहून झाला की थांबवा, भारतात फोन लावा आणि मुलांना आजीला सांगू द्या: काय दिसलं, आणि पुढे काय होईल असं तुला वाटतं, आजी? आजीनं तो भाग पाहिलेला नाही, त्यामुळे मुलांकडे खरोखर सांगण्यासारखं काहीतरी असतं. "शाळेत काय केलंस?" या प्रश्नावर एका शब्दात आटपणारी मुलं इथे पाच मिनिटं बोलतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर शनिवारी सकाळी ९ वाजता भारतात उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा असतात, हिवाळ्यात साडेसात. लंडनमध्ये दुपारी १ ची वेळ चांगली: भारतात साडेपाच, हिवाळ्यात साडेसहा. सिडनीहून दुपारी ३ ला लावलात तर भारतात सकाळचे साडेदहा, तिथल्या उन्हाळ्यात साडेनऊ. आजीचा अंदाज कागदावर लिहून ठेवा, भाग संपला की निकाल कळवायला दुसरा छोटा फोन.

प्रत्यक्ष आल्यावर एकत्र बघायला बसाल तेव्हा मात्र सबटायटल्स चालू करा. अमेरिकन तरुण मुलांचं भरभर बोलणं कानाला कळत नाही, लिहिलेलं इंग्रजी वाचता येतं. शिवाय रेव्हनचा विनोद चेहऱ्यात, धडपडण्यात आणि सोंगात आहे, त्यामुळे तो अडत नाही.

मुलं हमखास विचारतात: आजी पंचांग बघते, पत्रिका बघते, ते रेव्हनसारखंच का? टाळू नका. मालिकेत ही शक्ती घराण्यातून आलेली दाखवली आहे, रेव्हनची आजीही तशीच आहे, त्यामुळे प्रश्न स्वाभाविक आहे. आमचं सरळ मत असं: रेव्हनची शक्ती ही रचलेली गोष्ट आहे, हे स्पष्ट सांगावं. पंचांगातली तिथी, सूर्योदय, ग्रहण ही गणितानं काढलेली असतात, तेही सांगावं. पत्रिकेवर घरात दोन मतं असली तर दोन्ही मुलांसमोर सभ्यपणे मांडली जावीत. आणि अशी शक्ती असल्याचं सांगून कोणी पैसे किंवा मान मागत असेल तर ती फसवणूक आहे, इथे दोन मतं नकोत. अशा प्रकारांविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ पासून कायदा आहे.

खटकण्यासारखंही आहे थोडं. रेव्हन आई-बाबांशी खोटं बोलते, कोरीला टोचून बोलते, आणि तिचे ठेवणीतले उद्गार मुलं लगेच उचलतात. ते मैत्रिणींत ठीक, आजोबांना नको, एवढं एकदा सांगून सोडून द्या. मुलग्यांवर मन जडणं वगैरे आहे, तेही सौम्य. आठ वर्षांपुढच्या मुलांना मालिका चालावी. सात वर्षांचा भाऊ बहिणीसोबत बसला तर हरकत नाही.

पुढच्या मालिकांबद्दल दोन शब्द. 'कोरी इन द हाउस' (२००७-२००८) मध्ये व्हिजन नाहीत, म्हणून हा खेळ तिथे चालत नाही. 'रेव्हन्स होम' (२०१७-२०२३) मध्ये चालतो, कारण रेव्हनच्या मुलाला, बुकरला, तीच शक्ती मिळालेली आहे. फक्त तिथे सुरुवातीच्या सीझनमध्ये रेव्हन आणि चेल्सी दोघी घटस्फोटित आया एका घरात मुलं वाढवताहेत. मुलं त्याबद्दल विचारतील, तेव्हा उत्तराची तयारी ठेवून सुरू करा.

मूळ मालिकेतले दोन भाग मात्र वेगळे काढून ठेवा. ते आई-बाबांनी आधी एकट्यानं पाहावेत आणि मुलांसोबत बघताना मध्ये अजिबात थांबवू नयेत.

पहिला 'दॅट्स सो नॉट रेव्हन'. रेव्हननं शिवलेल्या कपड्यांचं कौतुक होतं, पण फॅशनच्या जगाला तिचं शरीर चालत नाही. ती बारीक होण्यासाठी स्वतःचे हाल करते आणि शेवटी आहे त्या शरीरानं रॅम्पवर येते. हा भाग भारताच्या सहलीआधी बघा. तिथे उतरल्या उतरल्या "जाड झालीस गं" किंवा "काही खात नाहीस का?" हे कोणीतरी प्रेमानं म्हणणारच. आजी-आजोबांना आधीच फोनवर सांगा: वजनावर बोलायचं नाही, चांगलं-वाईट दोन्ही. न दुखावता सांगायचं तर "डॉक्टरांनी सांगितलंय" असली सबब काढू नका. मुलीच्या मनाला ते लागतं, असं खरं तेच सांगा.

दुसरा 'ट्रू कलर्स', २००५ मधला. रेव्हन आणि चेल्सी एका कपड्यांच्या दुकानात नोकरीसाठी जातात. कामात रेव्हन सरस, नोकरी मिळते चेल्सीला. मग रेव्हनला झलक दिसते: दुकानाची मॅनेजर म्हणते की आपण कृष्णवर्णीयांना कामावर घेत नाही. इथे नेहमीचा गैरसमज नाही. जे दिसलं त्याचा अर्थ तोच आहे, म्हणून हा भाग अंगावर येतो. पुढे छुप्या कॅमेऱ्यानं पुरावा मिळवला जातो.

हा भाग लावण्याआधी मोठ्यांनी आपली भाषा तपासावी. आपल्या घरांत कृष्णवर्णीय माणसांविषयी जे शब्द सहज वापरले जातात, ते मुलं शाळेतल्या मैत्रिणींसमोर ऐकू शकत नाहीत. 'आफ्रिकन-अमेरिकन' किंवा 'कृष्णवर्णीय' म्हणायचं, असं पाहुण्यांशीही आधी ठरवा. आणि स्वतःच्या लेकीच्या रंगावरची टिप्पणी, "उन्हात जाऊ नकोस, काळी होशील" ही सुद्धा, त्याच दिवसापासून बंद. लग्नाच्या जाहिरातींतली 'गोरी' मुलगी याच रांगेत बसते, हे दहा वर्षांच्या मुलीला नीट कळतं.

या भागानंतर तीन प्रश्नांचा खेळ नको. एकच विचारा: "असं तुझ्याशी किंवा तुझ्या वर्गात कोणाशी कधी झालंय का?" उत्तर कोणत्याही भाषेत येऊ द्या, मराठीत सांग असा आग्रह त्या वेळी बिलकूल धरू नका, मधे शब्दही पुरवू नका. काही घडलेलं निघालं तर त्याच संध्याकाळी तारीख, जागा, नेमके शब्द आणि तिथे कोण होतं हे लिहून ठेवा. मुलाचे शब्द तसेच लिहा, आपले घालू नका. दुसऱ्या दिवशी वर्गशिक्षकांना तेवढाच मजकूर ईमेलनं पाठवा आणि भेटीची वेळ मागा. तोंडी बोलणं झालं तरी काय ठरलं ते त्याच दिवशी पुन्हा ईमेलनं कळवा. आठवड्याभरात हालचाल झाली नाही, तर तीच ईमेल-साखळी मुख्याध्यापकांकडे पुढे पाठवता येते.