‘सरासरी कलमा’त सरासरी कुठे आहे?

बी.कॉम.च्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: आगीच्या विम्याच्या दाव्यात, पॉलिसी मालाच्या किमतीपेक्षा कमी असेल तर, ‘ॲव्हरेज क्लॉज’ लावतात, त्याला आमच्या मराठी नोट्समध्ये ‘सरासरी कलम’ म्हटलंय. पण त्या गणितात आकड्यांची बेरीज करून त्यांच्या संख्येने कुठेच भागत नाहीत. मग ही सरासरी कसली? आणि संख्याशास्त्राच्या पेपरात ‘सरासरी’ लिहायचं की ‘मध्य’?

प्रश्न फार चांगला आहे. पण आधी एक तक्रार, कारण ती चूक रोज कानावर येते. ‘सभेला सरासरी पाचशे माणसं होती.’ सभा एक, गर्दी एक. सरासरी कशाची काढली? ‘स्टेशन इथून सरासरी दहा मिनिटांवर आहे.’ ‘दुरुस्तीला सरासरी दोन ते तीन हजार लागतील.’ अंदाजे, सुमारे, साधारण, जवळपास असे चार धडधाकट शब्द असताना हे काम सरासरीच्या गळ्यात का? सरासरी काढायला निदान दोन नोंदी लागतात आणि उत्तर एकच आकडा येतो. ‘दोन ते तीन हजार’ हा पल्ला झाला. आणि ज्यांनी काहीच मोजलेलं नाही त्यांनी ‘सरासरी’ म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, यांनी मोजलंय. हा नुसता शब्दाचा घोळ नाही, माहितीचा घोळ आहे.

आता शब्दाकडे. फारसीत ‘सर’ म्हणजे डोकं, टोक. संस्कृत ‘शिरस्’चं हे नात्यातलं रूप, सरदार, सरहद्द, सरपंच यांतला ‘सर’ तोच. दोन ‘सर’ घेऊन मध्ये ‘आ’ घातला की ‘सरासर’: या टोकापासून त्या टोकापर्यंत, सबंध. हिंदीतलं ‘सरासर झूठ’ म्हणजे अथपासून इतिपर्यंत खोटं, ते हेच. असाच ‘लबालब’: ‘लब’ म्हणजे ओठ, भांडं ओठापासून ओठापर्यंत भरलेलं. आपल्या ‘काठोकाठ’ची घडण अगदी अशीच. आणि या साच्यातला सगळ्यात गोड शब्द आपण दिवसातून पन्नास वेळा उच्चारतो: ‘बरोबर’. फारसी ‘बराबर’, ‘बर’ म्हणजे छाती. छातीला छाती भिडवून उभे, म्हणून समान. गणिताच्या वहीतली ‘सरासरी’ आणि तिच्यापुढची ‘बरोबर’ची खूण एकाच घरातून आल्या आहेत!

‘अंदाजे’चा अर्थ या शब्दाला कुठून चिकटला? माझं मत असं की शेजारच्या शब्दाने घात केला. फारसीत ‘आ’ नसलेला ‘सरसरी’ हा निराळा शब्द आहे, अर्थ वरवरचा, घाईघाईचा. हिंदीत ‘सरसरी नज़र’ म्हणतात ती ही. एका मात्रेचा फरक. वरवर पाहून सांगितलेला आकडा ‘सरसरी’, टोकापासून टोकापर्यंत सगळं धरून काढलेला ‘सरासरी’. कानाने दोन्ही एक केले आणि जबाबदार शब्दाला बेजबाबदार अर्थ मिळाला.

मूळ अर्थ धरला तर संकल्पना किती स्वच्छ दिसते ते पाहा. एका दुकानात पाच माणसं, महिन्याचे पगार १२,०००, १३,०००, १४,०००, १५,००० आणि व्यवस्थापकाचा ९६,०००. बेरीज १,५०,०००, सरासरी ३०,०००. धान्याच्या उंचसखल राशीवरून फळी फिरवून ती या टोकापासून त्या टोकापर्यंत सपाट केली, की जी उंची राहील ती सरासरी. पडताळाही यातच आहे: सरासरीपेक्षा कमी असलेल्यांची तूट १८ + १७ + १६ + १५ = ६६ हजार, आणि वरच्या एकाचा उंचवटा ६६ हजार. उंचवटा खड्ड्यांत बरोबर बसलाच पाहिजे. विचलनांची, म्हणजे सरासरीपासूनच्या अधिक-उणे फरकांची, बेरीज शून्य आली नाही तर गणित चुकलं, पुढे जाऊ नका.

हा शब्द मराठीत आला तो महसुलाच्या दप्तरातून, असं मला वाटतं, कारण तिथे या क्रियेची गरज रोजची होती. अबुल फजलच्या ‘आईन-इ-अकबरी’त पोलज, म्हणजे दरसाल पिकणाऱ्या जमिनीचा गव्हाचा हिशेब दिला आहे. उत्तम जमिनीला बिघ्यामागे १८ मण, मध्यमला १२ मण, हलक्या जमिनीला ८ मण ३५ शेर. बेरीज ३८ मण ३५ शेर. तिचा तिसरा हिस्सा सुमारे १२ मण ३८ शेर, हे धरायचं उत्पन्न. त्याचा पुन्हा तिसरा हिस्सा, ४ मण आणि पावणेतेरा शेर, हा सरकारचा. ४० शेरांचा मण धरून करून बघा, जुळतं. १५८० च्या दहसाला पद्धतीत तर दहा वर्षांची आकडेवारी घेऊन तिचा दहावा भाग वर्षाला धरला. पण या हिशेबातला धोकाही लक्षात घ्या: तिन्ही प्रतींना सारखं वजन दिलं आहे. ज्या गावात हलकी जमीनच जास्त, तिथे ही सरासरी रयतेच्या अंगावर येणार. तिथे भारित सरासरी हवी. वाणिज्यच्या वहीत हीच चूक मालाच्या किमतीत होते: १०० नग १० रुपयांनी आणि ९०० नग २० रुपयांनी घेतले, तर सरासरी दर १५ नव्हे, १९,००० भागिले १,०००, म्हणजे १९.

आता इंग्रजी ‘ॲव्हरेज’, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप. अरबीत ‘अवार’ म्हणजे खोट, मालातलं नुकसान. ऐन, वाव, रे या तीन अरबी अक्षरांचा हा धातू. त्यातूनच ‘अअवर’, एकडोळ्या, आणि त्यातूनच ‘अवरत’, झाकून ठेवायचा भाग, जो फारसी-उर्दूतून फिरत फिरत ‘औरत’ झाला. भूमध्य समुद्रावरच्या इटालियन व्यापाऱ्यांनी ‘अवार’ बंदरात उचलला, ‘अव्हारिया’ केला; फ्रेंचांनी ‘अव्हारी’; इंग्रजांनी ‘डॅमेज’सारखं शेपूट लावून ‘ॲव्हरेज’. म्हणजे ‘ॲव्हरेज’चा मूळ अर्थ नुकसान! बेरीज-भागाकाराचा अर्थ त्याला अठराव्या शतकात चिकटला.

काही जुने कोशकार हा शब्द इंग्लंडातल्या कुळाने मालकाकडे गुरं घेऊन करायच्या वेठीवरून आणतात. मला ते अजिबात पटत नाही. तसा एक सारखा दिसणारा शब्द होता, पण तो शेतात राहिला. स्पॅनिशमध्ये आजही यंत्र बिघडलं की ‘आवेरिया’ म्हणतात, फ्रेंचमध्ये ‘अव्हारी’ म्हणजे जहाजाचं किंवा मालाचं नुकसान. तीन-तीन भाषांत तोच शब्द बंदरावर बिघाडाच्या अर्थाने नांदत असताना गोठ्यात व्युत्पत्ती शोधायची गरजच काय?

नुकसानीपासून सरासरीपर्यंतचा रस्ता समुद्री विम्याच्या धड्यात आहे. वादळात जहाज वाचवण्यासाठी काही माल समुद्रात फेकला, तर ते नुकसान फक्त त्या मालाच्या धन्याचं नाही. जे जे वाचलं त्या सगळ्यांनी ते वाटून घ्यायचं. ऱ्होड्स बेटाच्या नावाने ओळखला जाणारा हा नियम रोमन सम्राट जस्टिनियनच्या ‘डायजेस्ट’ या कायदेसंग्रहात आहे, आणि आज यॉर्क-अँटवर्प या आंतरराष्ट्रीय नियमांनी चालतो. याचं नाव ‘जनरल ॲव्हरेज’. समजा जहाज ५ कोटींचं, पहिल्या व्यापाऱ्याचा माल ३ कोटींचा, दुसऱ्याचा २ कोटींचा. एकूण १० कोटी. दुसऱ्याचा १ कोटीचा माल फेकला. नुकसान एकूण मूल्याच्या १० टक्के, म्हणून प्रत्येकाने आपल्या मूल्याच्या १० टक्के सोसायचं: जहाजवाला ५० लाख, पहिला ३० लाख, दुसरा स्वतः २० लाख. दुसऱ्याला ८० लाख भरून मिळतात. विद्यार्थी नेमके इथे चुकतात: फेकलेल्या मालाचं मूल्य एकूणातून वजा करतात आणि त्या व्यापाऱ्याला सगळा कोटी देऊन मोकळे होतात. तसं केलं तर माल फेकला गेलेला एकटाच कोरडा राहील.

याउलट ‘पर्टिक्युलर ॲव्हरेज’: नुकसान ज्याचं त्याने सोसायचं, वाटणी नाही. इथे ‘ॲव्हरेज’ म्हणजे उघडउघड नुकसानच. याचं भाषांतर ‘विशिष्ट सरासरी’ असं छापणाऱ्यांनी वाक्य एकदा स्वतः वाचून पाहावं. ‘आंशिक हानी’ म्हणा.

आगीच्या विम्यातलं कलम ‘जनरल ॲव्हरेज’च्या वाटणीचंच लेकरू आहे. आगीच्या दिवशी माल १० लाखांचा, पॉलिसी ६ लाखांची, जळाला ४ लाखांचा. दावा = ४ लाख × ६ ÷ १० = २,४०,०००. पॉलिसीबाहेर उरलेल्या ४ लाखांच्या मालाचा विमा उतरवलाच नव्हता, म्हणून तेवढ्यापुरता मालक स्वतःच स्वतःची विमा कंपनी धरला जातो आणि १,६०,००० सोसतो. विमा कंपनी आणि मालक यांच्यात नुकसान प्रमाणात वाटलं गेलं, एवढीच यातली ‘ॲव्हरेज’. तेव्हा ‘प्रमाणशीर वाटणीचं कलम’ म्हणावं. गणित करताना भाजक आगीच्या दिवशीचा एकूण माल, जो मेमोरँडम ट्रेडिंग अकाउंटवरून, म्हणजे आगीच्या दिवसापर्यंतच्या अंदाजी व्यापारी खात्यावरून, काढतात. जळालेला माल नव्हे. वाचलेला माल आधी वजा करून नुकसान काढायचं. आणि पॉलिसी मालाइतकी किंवा जास्त असेल तर कलम लागतच नाही. नुकसान तेवढा दावा.

‘सरासरी’ की ‘मध्य’? फारसी म्हणून ‘सरासरी’ला पेपराबाहेर काढणाऱ्यांशी माझं भांडण आहे. त्यांनी बसवलेला ‘मध्य’ अर्थाने चुकीचा आहे. वरच्या दुकानात ३०,००० हा आकडा मधला आहे का? चार माणसं त्याच्या खूप खाली आणि एक खूप वर. मधला पगार १४,०००, आणि तो झाला ‘मध्यक’. एका ‘क’चा फरक ठेवून दोन निराळी मापं विद्यार्थ्यांच्या हाती दिली आणि मग गोंधळ होतो म्हणून त्यांनाच दोष! संस्कृतच हवा होता तर भास्कराचार्यांकडे जायचं. ११५० च्या ‘लीलावती’त वाकड्यातिकड्या खड्ड्याचं घनफळ काढताना ते लांबी-रुंदी-खोली निरनिराळ्या ठिकाणी मोजतात, बेरजेला ठिकाणांच्या संख्येने भागतात, आणि तिला ‘सममिति’ म्हणतात. लांबी १०, ११, १२ हात, रुंदी ६, ५, ७, खोली २, ४, ३. सममिती ११, ६, ३. घनफळ १९८ घनहात. सम करणारं माप: सरासरीचाच अर्थ! पण ‘सममिती’ आता भूमितीत दुसऱ्या कामाला लावली आहे, त्यामुळे ‘सरासरी’ला हलवायचं कारण उरत नाही.

मध्यकाला मात्र कुणी सरासरी म्हणू नये. पुस्तकांत ‘स्थानीय सरासरी’ म्हणतात, ते इंग्रजीची सावली आहे. मध्यक काढताना काहीच सपाट होत नाही, व्यवस्थापकाचा पगार ९६ हजारांचा ९ लाख केला तरी तो १४,००० वरच राहतो. वर्गीकृत सामग्रीत, म्हणजे नोंदी गटागटांत मांडलेल्या असताना, तो काढताना दोनच गोष्टी घात करतात. एक, संचित वारंवारता (तिथपर्यंतच्या नोंदींची बेरीज) मध्यक वर्गाच्या आधीच्या वर्गाची घ्यायची, त्याच वर्गाची नव्हे. दुसरी, वर्ग १०–१९, २०–२९ असे असतील तर आधी ९.५–१९.५, १९.५–२९.५ करून घ्यायचे, नाहीतर खालची मर्यादा अर्ध्याने चुकते.

आणि गाडीचं ‘ॲव्हरेज’? हा आपल्याकडचा अर्थ मला मान्य आहे, कारण तिथे एकूण किलोमीटरना एकूण लिटरनी खरोखरच भागलेलं असतं. फक्त जाताना लिटरला ६० आणि त्याच रस्त्याने येताना ४० मिळाले तर ५० सांगू नका. १२० किलोमीटर जायला २ लिटर, यायला ३ लिटर. २४० भागिले ५, म्हणजे ४८.