तुकडा तपासायला काढला तर कॅन्सर पसरतो का?

बायोप्सीचा कागद हातात पडला की बहुतेक घरांतून हाच प्रश्न येतो. कोपरखैरण्याच्या एका मावशींनीही तोच विचारला. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

मावशी साठीच्या, मूळच्या साताऱ्याकडच्या. यजमान तुर्भ्याच्या मार्केटात माथाडी होते. परकराची नाडी आयुष्यभर एकाच जागी करकचून बांधलेली, कारण पैशांची चंची तिथेच खोचायची. नाडीच्या जागी त्वचा काळी, जाड होऊन पडलेला पट्टा जुनाच होता. पण आता त्यावर डाव्या बाजूला रुपयाएवढी जखम झाली होती. मध्ये ओलसर, कडा टणक आणि वर आलेल्या, नाडी घासली की रक्त. हळद झाली, खोबरेल झालं, मेडिकलमधून आणलेल्या गजकर्णाच्या ट्यूबा झाल्या. यात दोन दिवाळ्या गेल्या. धुण्यातल्या परकरावर डाग दिसले म्हणून सुनेला कळलं.

कंबर उघडी करून दाखवायची, तीही परक्या पुरुषाला, या संकोचात बराच उशीर झालेला. तपासायला बाईच डॉक्टर असतील असं सांगितल्यावर त्या जरा सैलावल्या. मग खरी भीती बाहेर आली.

‘‘आमच्या भावकीतल्या एकीला सुई टोचली अन् चार महिन्यांत गेली बघा.’’

‘‘दवाखान्यात नेलं तेव्हा गाठ केवढी होती, मावशी?’’

‘‘लिंबाएवढी. वरीसभर अंगावरच काढली तिनं.’’

‘‘म्हणजे रोगाला वर्ष मिळालं होतं. मग दोष सुईला का द्यायचा?’’

मावशी गप्प झाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, ‘‘भूल देत्यात का?’’ असं कोणी विचारलं की मला हायसं वाटतं. मन वळू लागलेलं असतं.

त्वचेचा तुकडा तपासायला काढल्याने कॅन्सर पसरत नाही. तेवढ्याच जागेला भूल देतात, काही मिलिमीटरचा तुकडा घेतात, लागलाच तर एखाद-दुसरा टाका घालतात आणि त्याच दिवशी घरी सोडतात. रोग कोणता, किती खोल, हे त्याशिवाय नक्की कळत नाही.

रिपोर्टमध्ये स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे त्वचेच्या कॅन्सरचा एक प्रकार, आला. 2024 मध्ये वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी कमरेवर असाच कॅन्सर झालेल्या दोन स्त्रियांची माहिती प्रसिद्ध केली होती. एक परकर घालायची, दुसरी परकराशिवाय लुगडं नेसायची. घट्ट गाठीचा दाब आणि घर्षण दोघींत सारखं. साडी नेसणाऱ्या बहुतेकींना असं काही होत नाही, हेही सांगते. उगाच धास्ती नको.

‘त्वचेचा कॅन्सर हा तर गोऱ्या लोकांचा आजार’ असं मानून आपण स्वतःकडे पाहतच नाही, याचं मला फार वाईट वाटतं. सावळ्या-काळ्या कातडीत मेलानोमा, म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर, बऱ्याचदा तळपाय, तळहात आणि नखांखाली येतो, म्हणजे ऊन न लागणाऱ्या जागी. महिन्यातून एकदा आंघोळीनंतर चांगल्या उजेडात तळवे, बोटांच्या बेचक्या, नखं, कंबर पाहावी. पाठ घरच्यांकडून पाहून घ्यावी. चार आठवड्यांत न भरलेली जखम, आकार किंवा रंग बदलणारा तीळ, नखात नव्याने उमटून रुंदावणारी काळी रेघ, भाजल्याच्या जुन्या व्रणावर पुन्हा फुटलेली जखम, यातलं काहीही असलं तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. दुखत नाही म्हणून थांबू नका, सुरुवातीला ते दुखतंच असं नाही. भाजल्याचे मोठे व्रण असणाऱ्यांनी आणि मूत्रपिंड बदलून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांनी काही दिसत नसलं तरी वर्षातून एकदा तपासून घ्यावं.

मावशींची शस्त्रक्रिया झाली. जांघेतल्या गाठींपर्यंत रोग पोचला नव्हता. आता त्या दर तीन महिन्यांनी तपासायला येतात, नाडीऐवजी रुंद कापडी पट्टी सैल बांधतात, चंची पिशवीत असते. मागच्या खेपेला चाळीतल्या दोघींना बरोबर घेऊन आल्या. एकीच्या कमरेला नायटा निघाला, त्याचं औषध सुरू आहे. दुसरीच्या कमरेवर काळा पट्टा आहे, पण जखम नाही. तिला नाडी सैल करायला सांगून सहा महिन्यांनी पुन्हा बोलावलं आहे.