जुना करार संपला नसताना नवा फोन घेता येतो का?

यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यातून एका शेतकरी वाचकाचं पत्र आलं आहे. तेरा महिन्यांपूर्वी त्यांनी तालुक्याच्या दुकानातून 'कंपनीच्या स्कीम'मध्ये फोन घेतला. बाजारभावापेक्षा चार हजारांनी स्वस्त पडला. अट ही, की त्याच कंपनीचा ७४९ रुपयांचा पोस्टपेड प्लॅन २४ महिने चालवायचा. आता बॅटरी तासाभरात उतरते आणि चार्जिंगचा जॅक ढिला झाला आहे. ई-पीक पाहणीला बांधावर उभं राहून फोटो काढावा, तर मधेच फोन बंद पडतो. सीसीआयला (भारतीय कापूस महामंडळाला) कापूस द्यायचा म्हणजे 'कपास किसान' ॲपवर नोंदणी, तीही याच फोनवर. गावात नेटवर्कही धड येत नाही. नवा फोन घ्यायला गेले तेव्हा दुकानदार म्हणाला, "पहिले उरलेल्या ११ महिन्यांचे ८,२३९ आन् वरून दोन हजार भरा, नाही त नंबर बंद होईन, सिबिल खराब होईन. नाही त जुना फोन मले द्या आन् नव्या स्कीमवर सही करा, जुनं आपोआप मिटते." नंबर आधारला, बँकेला, पीएम किसानला जोडलेला. काय करावं, असं ते विचारतात.

भाऊ, आधी तुमची मुख्य काळजी दूर करतो. नवा फोन घ्यायला तुम्हाला कोणाचीही परवानगी लागत नाही. रोखीनं कोणत्याही दुकानातून फोन घ्या, जुन्यातलं सिम काढून नव्यात टाका आणि ७४९ चं बिल भरत राहा. यानं करार मोडत नाही. तुम्ही २४ महिने प्लॅन चालवायचं कबूल केलं आहे, तोच फोन खिशात ठेवायचं नाही. मक्त्याच्या वावरात बैलजोडी बदलली म्हणून मक्ता मोडत नाही, तसंच हे. आणि त्याहीआधी जॅक आणि बॅटरी बदलायला किती लागतात ते एकदा विचारून घ्या. ऐन वेचणीच्या दिवसांत नव्या कर्जापेक्षा ते स्वस्त पडेल.

हे सगळं मी एक गोष्ट गृहीत धरून सांगितलं: तुमचा करार खरंच प्लॅनचा आहे. मला तीच शंका आहे. दुकानात 'स्कीम' म्हणून जे सांगतात, ते पुष्कळदा फायनान्स कंपनीचं कर्ज असतं. टॅबवर सही घेतात, ओटीपी विचारतात, आधारचा फोटो काढतात, आणि माणूस कर्जदार होऊन घरी येतो. म्हणून दुकानदाराशी पुढचा एक शब्द बोलण्याआधी पासबुक भरून आणा. दर महिन्याची कपात कोणाच्या नावानं जाते ते पाहा. मोबाइल कंपनीचं नाव असेल तर तो प्लॅन. फायनान्स कंपनीचं नाव असेल तर ते कर्ज. दोन्ही नावं दिसली तर दोन्ही आहेत. खात्री करायची तर कर्जांची नोंद ठेवणाऱ्या सिबिलसारख्या संस्थेकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. तुमच्या नावावर कोणतं कर्ज आहे ते त्यात दिसेल.

कर्ज निघालं तर नियम वेगळे. मुदतीआधी फेडता येतं, पण मुदतपूर्व फेडीचं शुल्क किती ते करारात पाहावं लागेल. १ ऑक्टोबर २०२४ नंतरच्या नव्या किरकोळ कर्जांत व्याज आणि सगळे आकार एकत्र मांडलेलं मुख्य तथ्यपत्रक देणं कर्जदात्यावर बंधनकारक आहे. ते मागा. आज खातं बंद करायचं तर नेमकी रक्कम किती, याचं पत्र फायनान्स कंपनीकडूनच घ्या, दुकानदाराच्या वहीतला आकडा धरू नका. पैसे भरल्यावर ना-हरकत पत्र हातात आल्याशिवाय गप्प बसू नका. तोवर फोन कर्जाला तारण असू शकतो, म्हणून तो एक्स्चेंजमध्ये देऊ नका, विकूही नका.

आणि रागाच्या भरात खातं रिकामं करून हप्ता चुकवू नका. ही विनंती मी हात जोडून करतो. खात्यात पैसे नसल्यानं ऑटो-डेबिट (हप्त्याची आपोआप कपात) परत गेलं, तर २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ खाली चेक बाऊन्ससारखाच खटला होऊ शकतो. नोटीस आल्यावर १५ दिवसांत रक्कम भरली तर तो टळतो, पण तिथपर्यंत जाऊच कशाला? काही कंपन्या हप्त्याच्या फोनमध्ये लॉकचं ॲप टाकतात. 'काढून देतो' म्हणणाऱ्या मेकॅनिकच्या नादी लागू नका. त्या भानगडीत फोनची ओळख असलेला आयएमईआय क्रमांक बदलला गेला, तर २०२३ च्या दूरसंचार कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहेत.

आता प्लॅनचाच करार निघाला असं धरू. नेटवर्क नाही म्हणून तुम्हाला तो सोडायचाच असेल, तर ८,२३९ अधिक दोन हजार द्यावे लागतील का? माझं मत स्पष्ट आहे: कंपनीनं मागितले म्हणून ते द्यावे लागत नाहीत. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेला दंड ही वरची मर्यादा असते. त्याच्या आत जी भरपाई वाजवी ठरेल तेवढीच मिळते. कंपनीनं तुम्हाला फोनवर चार हजारांची सूट दिली, ती २४ महिन्यांच्या भरवशावर. ११ महिने उरले, म्हणजे न वसूल झालेला वाटा सुमारे १,८३३ रुपये. जी सेवा ती पुढचे ११ महिने देणारच नाही, तिचं पूर्ण भाडं कशासाठी? ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चं कलम २(४६) तर झालेल्या नुकसानाशी न जुळणारा दंड लावणाऱ्या कराराला 'अनुचित करार' म्हणतं. ग्राहक आयोग हाच हिशेब रुपयान् रुपया मान्य करील अशी हमी मी देत नाही, पण बोलणी १,८३३ पासून सुरू करा, ८,२३९ पासून नाही.

कंपनी बदलूनही नंबर तोच ठेवता येतो, यालाच पोर्ट करणं म्हणतात. 'PORT' असं रोमन अक्षरांत टाईप करून पुढे तुमचा नंबर लिहा आणि १९०० वर एसएमएस करा. येणारा कोड चार दिवस चालतो, आणि राज्यातल्या राज्यात बदल तीन कामाच्या दिवसांत होतो. कनेक्शन ९० दिवसांचं झालेलं असावं, निघालेलं बिल भरलेलं असावं, आणि करारात बाहेर पडण्याचं कलम असेल तर ते पाळलेलं असावं. या शेवटच्या अटीवर तुमचा अर्ज अडू शकतो, म्हणून आधी कंपनीशी लेखी हिशेब मिटवा, मग पोर्ट करा. जुन्याचं बिल थकवून पोर्ट केलं तर नव्या कंपनीकडचा नंबरही बंद होऊ शकतो. नव्या फोनसाठी सिम बदलून घेतलं तर १ जुलै २०२४ पासूनच्या नियमानं सात दिवस पोर्टिंगचा कोड मिळत नाही, तेही ध्यानात ठेवा.

दुकानदाराच्या दुसऱ्या सल्ल्याला मात्र ठाम नकार द्या. 'जुनं आपोआप मिटते' असा कोणताही कायदा नाही. जुना करार मिटल्याचं मूळ कंपनीचं पत्र नसेल, तर नव्या सहीनंतर तुमच्या खात्यातून दोन कपाती सुरू होतील, आणि तुमच्यासारखं दोन हंगामांच्या पैशावर घर चालवणाऱ्याला ते झेपणार नाही. दुकानदाराच्या हातात ओटीपी देऊ नका.

तक्रार कशी करायची ते सांगतो. कंपनीच्या तक्रार केंद्रात फोन करा. नेटवर्क नसल्याची आणि बाहेर पडण्याच्या रकमेची, अशा दोन वेगळ्या तक्रारी नोंदवा आणि दोन्हींचे डॉकेट नंबर (तक्रार क्रमांक) वहीत लिहून ठेवा. समाधान झालं नाही तर ३० दिवसांत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जा. तिथे ३९ दिवसांत निकाल द्यावा लागतो. सोबत १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद करा. फायनान्स कंपनीविरुद्ध लेखी तक्रार करून ३० दिवसांत उत्तर आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

त्यानंतर यवतमाळचा जिल्हा ग्राहक आयोग. मोबाइलच्या भांडणाला ग्राहक आयोग चालत नाही असं कंपन्यांचे वकील वर्षानुवर्षं सांगत आले. सर्वोच्च न्यायालयानं १६ फेब्रुवारी २०२२ रोजी व्होडाफोन आयडिया विरुद्ध अजय कुमार अगरवाल या प्रकरणात तो मुद्दा निकाली काढला: आयोगाला अधिकार आहे. कंपनीचं ऑफिस मुंबईत असो की दिल्लीत, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार चालते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. एक सूचना माझ्या अनुभवातून: नुसता 'अनुचित करार' म्हणून दावा केलात तर तो राज्य आयोगाकडे जातो, म्हणजे नागपूरच्या खंडपीठाच्या वाऱ्या. एवढ्या रकमेसाठी ते परवडत नाही. 'सेवेतील त्रुटी' आणि 'अनुचित व्यापारी प्रथा' असं लिहा, म्हणजे यवतमाळातच काम होईल. तक्रार करायची मुदत दोन वर्षांची आहे. पासबुकाची प्रत, बिलं, डॉकेट नंबर आणि दुकानदारानं आकडा ज्या चिठ्ठीवर लिहून दिला ती चिठ्ठी, एवढं जपून ठेवा. चिठ्ठी नसेल तर उद्याच व्हॉट्सॲपवर त्याला विचारा, "एकूण किती भरायचे?" आणि उत्तराचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.